उशाशी ठेवायचं बायबल: दुखण्यात कोणती प्रत कामाची?

बायबल घेताना बहुतेक घरांत कव्हरचा रंग आणि चेन आहे का, एवढंच पाहिलं जातं. रविवारी काखेत मारून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायचं तर तेवढं पुरे. पण घरात कुणी लकव्याने पडलं असेल, कुणाची केमो चालू असेल, कुणाचं तरणंताठं पोर गेलं असेल आणि त्या माणसाच्या उशाशी ठेवायला प्रत हवी असेल, तर रंग सगळ्यात शेवटी बघा. हे परीक्षण त्या एकाच कामापुरतं आहे. उपदेशाला कोणती प्रत चांगली, अभ्यासाला कोणती, हा विषय वेगळा.

निकाल आधीच सांगतो, म्हणजे दवाखान्यात जायच्या घाईत असलेल्याला शेवटपर्यंत वाचत बसायला नको. एक प्रत पुरत नाही, दोन लागतात. वाचून दाखवणाऱ्यासाठी बायबल सोसायटीचं मोठ्या टाइपातलं पूर्ण ‘पवित्र शास्त्र’ आणि आजाऱ्याच्या स्वतःच्या हातात द्यायला ‘नवा करार व स्तोत्रसंहिता’ एवढीच पातळ प्रत. चेनवाल्या, सोनेरी कडांच्या एका प्रतीवर जे पैसे घालणार असाल, ते या दोन साध्या प्रतींवर घाला.

आधी वस्तू म्हणून बघू. पलंगावर उताणं पडलेल्या माणसाला जाडजूड पुस्तक छातीवर पेलत नाही. एका हाताला सलाईन असलं की दुसऱ्या हाताने पुस्तक धरायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं असतं. तीनशे ग्रॅमपर्यंतची प्रत अशी एका हातात राहते; पाचशेच्या पुढे गेली की दोन पानांतच मनगट भरून येतं. दुकानात काटा नसतो, पण शेजारी किराणावाला असतोच.

टाइपाचं गणित देवनागरीत वेगळं आहे. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार. त्यामुळे आठ पॉइंटचं देवनागरी अक्षर त्याच मापाच्या रोमन अक्षरापेक्षा बारीक वाटतं आणि मोतीबिंदूच्या डोळ्याला अनुस्वार तर दिसतच नाही. साठीपुढच्या माणसाला बारा पॉइंट तरी हवा, चौदा मिळाला तर उत्तम. तपासायची रीत सोपी: दुकानाच्या दारातल्या उजेडात बघू नका. आत कोपऱ्यात जा, प्रत पोटाशी धरून स्तोत्र ८८ उघडा आणि दहा ओळी वाचा. अडखळलात तर ठेवून द्या. आजाऱ्याच्या खोलीत उजेड याहून कमीच असतो.

बायबलचा कागद पातळ असतो, साधारण तीस ते चाळीस जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम); एरवीच्या पुस्तकाचा साठच्या पुढे. त्यामुळे मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटतात आणि थकलेला डोळा ओळ चुकतो. पोरांच्या क्राफ्टच्या सामानातला काळा कागद पानाच्या आकाराचा कापा आणि वाचताना पानामागे सरकवा. मागची छपाई जवळजवळ नाहीशी होते. दुसरी अडचण पंख्याची. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पंखा पाचवर असतो. हा कागद त्यात पाखरासारखा फडफडतो. कपडे वाळत घालायचे दोन प्लास्टिकचे चिमटे पुरतात. लोखंडी क्लिप नको, घामाच्या हाताने महिन्याभरात गंज धरतो आणि पानावर डाग उतरतो.

बांधणी कुठे फाटते हे आधीच सांगता येतं: पुस्तकाच्या मध्यावर. स्तोत्रसंहिता बरोबर तिथे येते आणि दुखण्यात पुस्तक पुन्हा पुन्हा तिथेच उघडलं जातं. नुसत्या डिंकाने चिकटवलेली प्रत आपल्याकडच्या उन्हाळ्यात एका हंगामात तिथून सुटते. पाठीकडून वरून बघा. पानांच्या छोट्या छोट्या घड्या, म्हणजे फर्मे, दिसले तर प्रत शिवलेली आहे. सपाट कापलेला गठ्ठा दिसला तर चिकटवलेली. रेक्झिनचं कव्हर घामाने तळहाताला चिकटतं. वर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा शिवून घ्या.

आता मजकूर. ‘पवित्र शास्त्र’ची भाषा जुन्या वळणाची, आणि उशाशी बसून मोठ्याने वाचताना तेच तिचं बळ आहे. वाक्याला ठेका आहे, श्वास कुठे घ्यायचा ते कळतं. तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात ‘आकडी’ आणि ‘काठी’ आहे. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांच्या हातात आकडी आजही दिसते: लांब दांडा, टोकाला वळण, बाभळीची फांदी खाली ओढायला, खड्ड्यात गेलेलं कोकरू मानेला धरून वर घ्यायला. हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याला चित्र दिसतं, समजावून सांगावं लागत नाही. दरीचंही तसंच, सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला दरी काय सांगायची! त्याच ओळीतली ‘मृत्युच्छाया’ मात्र डोक्यावरून जाते.

अशी आणखी काही अडणारी ठिकाणं आहेत. ‘नीतिमत्त्व’, ‘अरिष्ट’, ‘संकल्प’ हे शब्द वाचण्याआधी बघून ठेवा आणि समासात पेन्सिलीने घरचा शब्द लिहा. एका शब्दावर तर टीप छापायलाच हवी होती. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल साखळी मांडतो: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. आज ‘शील’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात बाईच्या चारित्र्याची गोष्ट येते आणि साखळी तिथेच तुटते. मूळ ग्रीक शब्दात पारखून खरं ठरलेल्या वस्तूचा अर्थ आहे. जळगावच्या सराफ बाजाराला ज्याचे पाय लागले आहेत त्याला ‘तावून सुलाखून निघालेपण’ म्हटलं की लगेच उमगतं. तेच समासात लिहा.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. मराठी आजची आणि वाहती. ख्रिस्ती घरात न वाढलेल्या सुनेला, भेटीला आलेल्या शेजाऱ्याला किंवा पहिल्यांदाच हे पुस्तक हातात घेणाऱ्याला आम्ही तेच सुचवू. पण रविवारच्या शाळेपासून वचनं पाठ असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचून दाखवू नका. लकव्यानंतर बोलता न येणारी, नावं विसरलेली माणसंही पाठ असलेल्या ओळी वाचणाऱ्याबरोबर ओठांनी म्हणायला लागतात, मात्र शब्द तेच असले तरच. शब्द बदलला की ओठ थांबतात. नवी भाषा सरस की जुनी, हा वाद इथे गैरलागू. त्या माणसाने जी पाठ केली ती.

पंडिता रमाबाईंचं भाषांतर आज दुकानात मिळणं कठीण, पण ज्यांच्या घरी जुनी प्रत आहे त्यांनी ती ट्रंकेतून बाहेर काढावी. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये पटकीने, एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये. रमाबाई स्वतः एप्रिल १९२२ मध्ये गेल्या आणि हिब्रू-ग्रीकवरून केलेलं त्यांचं बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळावं असा त्यांचा आग्रह होता. वाचून दाखवायला या भाषांतराची भाषा काही ठिकाणी खडबडीत आहे, हेही खरं.

आता या पुस्तकाच्या खऱ्या उपयोगाकडे, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या तक्रारीकडे. बऱ्याच छोट्या प्रतींच्या सुरुवातीला ‘दुःखात असाल तर वाचा’, ‘भीती वाटत असेल तर वाचा’ अशी यादी छापलेली असते. मजकुराला आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, बांधणीला तीन. या यादीला एक. यादी सरळ सांत्वनाच्या वचनांवर नेऊन बसवते आणि रडण्याची, भांडण्याची पानं वगळते. दुखणाइताला पहिल्याच दिवशी ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ ऐकवलं की तो मान हलवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. रोमकरांस ८:२८ हे वचन खोटं नाही, पण ते आठव्या अध्यायात, सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हते आहे हे सांगून झाल्यावर येतं. कण्हण्याच्या त्या ओळी, २२ आणि २३, गाळून २८ वाचू नका.

यिर्मया २९:११ ची गत तर त्याहून वाईट. कॅलेंडरवर, मगवर, लग्नपत्रिकेवर: देवाने तुमच्या हिताचे संकल्प केले आहेत. त्याच्या वरची ओळ मात्र कुणी छापत नाही. तीत सत्तर वर्षं थांबा असं लिहिलं आहे. ते पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना गेलं होतं, आणि त्याच अध्यायाच्या पाचव्या ओळीपासून त्यांना कामं सांगितली आहेत: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात पडला आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. दीर्घ आजारात हे पत्र पूर्ण वाचलं तर आधार देतं, तुकडा वाचला तर तीन महिन्यांनी उलटतं. आजारी म्हणतो, वचन दिलं होतं, मग बरा का झालो नाही?

आमचा क्रम असा. पहिले काही दिवस फक्त तक्रारीची स्तोत्रं. तेरावं घ्या: सहाच ओळी, मिनिटभराचं काम, आणि पहिल्या दोन ओळींत चार वेळा ‘कोठवर’ हाच सवाल. मग बाविसावं, जे वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं. मग अठ्ठ्याऐंशीवं. ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. वाचणाऱ्याला मोह होतो की लगेच पान उलटून एकोणनव्वदाव्याच्या स्तुतीवर जावं. जाऊ नका. पुस्तक मिटा आणि दोन मिनिटं गप्प बसा. संपादन करणाऱ्यांना ते गाळता आलं असतं, त्यांनी ठेवलं.

विलापगीताचे पाच अध्याय याच रांगेतले. पहिले चार हिब्रू मुळाक्षरांच्या बावीस अक्षरांवर रचलेले आहेत आणि तिसऱ्यात प्रत्येक अक्षराच्या तीन, अशा छासष्ट ओळी आहेत. दुःख ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सांगून काढायचं, एकही अक्षर उरवायचं नाही, अशी ती कारागिरी. भाषांतरात ती उतरत नाही. निदान पानाच्या तळाला एक ओळ तरी हवी. तिसऱ्या अध्यायात देवाची दया रोज सकाळी नवी होते असं येतं, पण वीस ओळी कडवटपणा ओकून झाल्यावर. तिथपर्यंत पोहोचायला त्या वीस ओळी लागतात.

ईयोबाचं, म्हणजे दोष नसताना सगळं गमावलेल्या माणसाचं, पुस्तक पूर्ण वाचायचा हट्ट नको. बेचाळीस अध्याय आहेत आणि मधले बरेचसे मित्रांच्या भाषणांत जातात. पहिला, दुसरा, तिसरा. मग थेट अडतिसावा ते बेचाळिसावा. मधली भाषणं आजाऱ्यापुढे वाचण्यात खरा धोका आहे, कारण ती ऐकायला फार धार्मिक वाटतात. तू काहीतरी केलं असशील, म्हणून हे झालं, हा त्यांचा सूर. आणि बेचाळिसाव्याच्या सातव्या ओळीत देव त्या मित्रांतल्या अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोन्ही मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. तिथपर्यंत न पोचलेला वाचक त्यांतल्याच बिल्ददचं वाक्य देवाचं वचन म्हणून उशाशी चिकटवून ठेवतो! त्या तिघांनी एकच गोष्ट बरोबर केली: आल्यावर सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मंडळीतून भेटीला जाणाऱ्यांनी दुसऱ्या अध्यायाची तेरावी ओळ पायरीवरच वाचून मग आत जावं.

आपल्याकडे प्रत्येक खाटेपाशी एक प्रश्न फिरत असतो: हे कुणाचे भोग? मागच्या जन्माचे, आईबापाचे, की पोरीने पळून जाऊन लग्न केलं त्याचे? योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून हेच विचारतात. येशू म्हणतो, यानेही नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आणि मागचा हिशेब तिथेच सोडून पुढे काय घडायचं आहे त्याकडे वळतो. हा अध्याय सगळ्या घराला बसवून वाचा, आजाऱ्याला एकट्याला नको. दोष देणारे बहुधा दुसऱ्या खोलीत असतात.

ईयोबाला शेवटपर्यंत कारण सांगितलं जात नाही, आणि आमच्या मते हे पुस्तक उशाशी टिकतं ते याच प्रामाणिकपणामुळे. ‘का’ला ते फारसं हात लावत नाही. ‘आता हे घेऊन करायचं काय’ यावर मात्र नेमकं बोलतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्राची सुरुवात बघा, पहिल्या अध्यायाची चौथी ओळ: आमचं सांत्वन झालं ते यासाठी की आम्ही दुसऱ्या पीडितांचं करावं. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाच्या शरीरातला काटा आहे. पायात बाभळीचा काटा मोडून आत राहिलेल्या शेतकऱ्याला ही उपमा वेगळी समजवावी लागत नाही. त्याने तीनदा मागितलं, काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर आलं. ‘विश्वास कमी पडला म्हणून बरा झाला नाहीस’ असं म्हणणाऱ्याला हे पान उघडून दाखवा.

औषधाबद्दलही पुस्तकाच्या नावावर बरंच खपवलं जातं. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं आहे. गोळ्या बंद करा असं कुठेही नाही. कलस्सैकरांस पत्रात लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला पौलच सांगतो. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या प्रार्थनेनंतर थांबवायला सांगणारा माणूस पाळक असो वा पाहुणा, त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

भाषेचा एक पेच खान्देशात राहतोच. धुळे-अमळनेरच्या घरात बोलणं अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, नवापूरकडे मावची आणि भिली. शाळेतलं मराठी येतं, पण वेदनेत माणूस घरच्या बोलीत कण्हतो. म्हणून एक ओळ पुस्तकातली वाचा आणि लगेच तीच घरच्या बोलीत सांगा. ‘कोठवर’ला ‘कितला दिन?’ म्हटलं की म्हातारीचे डोळे उघडतात. यासाठी पाळक लागत नाही, शेजारचं आठवीतलं पोर चालतं.

मोबाईलवर मराठी बायबलचं ध्वनिमुद्रित वाचन मिळतं. रात्री दोन वाजता झोप उडालेल्या माणसाला त्याइतकं उपयोगी काही नाही. पण बऱ्याच मुद्रणांत पात्रांचे वेगळे आवाज आणि मागे संगीत असतं. कानाचं यंत्र लावणाऱ्याला संगीताखाली शब्द ऐकू येत नाहीत. संगीत नसलेलं वाचन शोधा, वॉर्डात असाल तर एकाच कानाला इयरफोन लावा आणि अध्याय आधी डाउनलोड करून ठेवा. नंदुरबारहून सुरतेला दवाखान्यात जाताना गाडीत नेटवर्क मधेच जातं, आणि नेमकं योहान अकराव्यात लाजराच्या कबरेपाशी येशू रडतो तिथे आवाज बंद पडला तर चिडचिड होते.

कॅथलिक घरासाठी घेताना पुस्तकांची संख्या बघा, त्यांच्या बायबलात ७३ असतात, बायबल सोसायटीच्या नेहमीच्या प्रतीत ६६. पातळ प्रतीत ईयोब आणि विलापगीत नसतं, हेही लक्षात असू द्या. मोठी प्रत त्यासाठीच घ्यायची.

शेवटची मागणी छापणाऱ्यांकडे: मागे चार कोरी पानं द्या. बहुतेक प्रतींत जेमतेम एखादं असतं. नसेल तर वहीचं पान दुमडून कव्हरला आतून चिकटवा. खाटेवरच्या माणसासाठी सगळे प्रार्थना करतात, त्याला कुणी काम देत नाही. त्या पानावर त्याच्याकडूनच पाच नावं लिहून घ्या: शेजारच्या खाटेवरचा, परीक्षेला बसलेला नातू, ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो भाऊ. रोज दुपारी औषधानंतर त्याने ती वाचायची आणि प्रत्येकासाठी एकेक वाक्य बोलायचं. हात चालत नसेल तर तो सांगेल, तुम्ही लिहा. पेन नको, पेन्सिल घ्या. या कागदावर शाई मागे उतरते, आणि नावं बदलावी लागतात.